गाडीवरचा ओरखडा घरी काढावा की मुकाट्याने रंगवायला द्यावा?

ओरखडेबहाद्दर:
फाटकाच्या कडीला घासून आमच्या गाडीच्या मागच्या दारावर हातभर ओरखडा उमटला. गाडी पांढरी, साधा रंग, चमकी नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, "तू नादाला लागू नकोस, देऊन टाक रंगवायला." मी नादाला लागलो. दोन दिवस गेले, कंबर धरली, पण आता तीन पावलांवरून काही दिसत नाही. म्हणून मुद्दाम भांडण उकरून काढतोय: ओरखडा घरी काढता येतो. येत नाही म्हणणाऱ्यांनी बहुधा एकदाच, आणि तेही घाईत, करून पाहिलेलं असतं.

घाई म्हणजे पहिल्याच मिनिटाला पॉलिश पेपर हातात घेणं. आधी ओरखडा किती खोल आहे ते बघा. त्यावर पाणी मारा. ओला असेपर्यंत दिसेनासा झाला तर तो वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्येच आहे. नख आडवं फिरवा. अडकत नसेल तर रंगाचं नावही काढू नका, रबिंग कंपाउंड (वरचा थर किंचित घासून काढणारी पेस्ट) आणि पॉलिश पुरे. नख अडकतंय आणि आत राखाडी अस्तर दिसतंय, तर रंग लागणार. लोखंडी पत्राच उघडा पडला असेल तर मग प्रश्न शोभेचा राहत नाही. गंज धरतो आणि रंगाखालून पसरत जातो.

माझ्या ओरखड्यात तिन्ही प्रकार होते. बराचसा भाग कंपाउंडनेच गेला. चाकाच्या कमानीजवळ दोन बोटं जागा पत्र्यापर्यंत गेली होती, तिथे खरा वेळ मोडला. साबणाने धुतलं, मेण-तेल काढायच्या द्रावणाने पुसलं, १८० च्या पॉलिश पेपरने (आकडा मोठा तितका पेपर बारीक) पत्रा साफ केला, खळग्यापुरती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि ३२० ने कडा अशा उतरत्या केल्या की बोटाला पायरी लागू नये. मग प्रायमर, म्हणजे अस्तर. तो वाळल्यावर ८०० चा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा), रंगाचे तीन पातळ हात, त्यावर क्लिअर. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर चिकटवलेला सापडतो, डोळ्यांनी जुळवत बसू नका. आणि पेपर नुसत्या बोटांनी दाबून घासू नका, बोटागणिक चर पडतात. रबरी ठोकळ्याला गुंडाळा.

गनवाला:
बावीस वर्षं स्प्रे गन हातात आहे. तुमच्यासारखे हौशी आहेत म्हणून माझी चूल पेटते, तेव्हा राग नाही. पण बाकीच्यांनी हे वाचून उड्या मारू नयेत म्हणून लिहितो.

कारखान्यातून येणारा सगळा रंग, तळाच्या अस्तरापासून क्लिअरपर्यंत, साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. दोन केस एकावर एक ठेवा, तेवढा. त्यातला क्लिअर ४०-५०. ऊन अडवायचं काम मुख्यतः त्याचं, आणि तुम्ही "थोडंसं कंपाउंड" म्हणता ते त्यालाच खातं. कडांवर आणि वळणांवर रंग मुळातच पातळ. तिथे बफिंगचं मशीन क्षणभर रेंगाळलं की खालचा थर उघडा. अशी दारं माझ्याकडे ओरखड्यासाठी येत नाहीत, ओरखडा काढल्यामुळे येतात. हात दाखवून अवलक्षण.

दुसरं, डब्यातला साधा स्प्रे नुसता थिनर उडून वाळतो. हार्डनर घातलेला रंग रासायनिक क्रियेने घट्ट होतो. इंधन भरताना दोन थेंब ओघळले की साधा स्प्रे मऊ पडतो, तेव्हा फरक कळेल. त्या स्प्रेवर मी माझा रंग मारला तर खालचा उचलला जाऊन सुरकुत्या पडू शकतात. म्हणून आधी तुमचं सगळं काम खरवडतो. त्याचे पैसे वेगळे, आणि मागताना मला लाज वाटत नाही.

तुमची गाडी पांढरी, नशीब समजा. चंदेरी असती तर मजा बघायची होती. चमकीच्या रंगात अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. गन किती लांब, दाब किती, हात ओला पडला की कोरडा, यावर त्या आडव्या पडतात की तिरक्या ते ठरतं. कोड तोच, डबा तोच, तरी एका बाजूने डाग गडद आणि दुसऱ्या बाजूने फिका. आम्ही रंग शेजारच्या पत्र्यापर्यंत विरवत नेतो आणि क्लिअर अख्ख्या दारावर मारतो. ते एका डब्यात कसं बसवणार?

ओरखडेबहाद्दर:
चंदेरी रंगाबद्दल कान पकडले. पण "रंगवायला दिलं की निश्चिंत" हेही खरं नाही. आधीच्या गाडीचं दार मी एका ठिकाणी दिलं होतं. त्यांनी काचेचं रबर न काढता नुसती मास्किंग टेप मारली. वर्षभरात बरोबर रबराच्या रेघेतून पापुद्रे निघाले. घरी मी निदान माझ्याच चुकांचा धनी असतो.

आणि मी साधा स्प्रे वापरला नाही. बुडाशी खटका असतो तो दाबल्यावर आत हार्डनर मिसळतो, तसला क्लिअरचा डबा आणला. एकदा खटका दाबला की एक-दोन दिवसांत संपवावा लागतो, पण थर दगडासारखा होतो.

सावकाश_चालवा:
थांबा. तो डबा तुम्ही कुठे मारला आणि तोंडाला काय होतं? इथे सगळे रंग जुळतो की नाही यावरच भांडताहेत म्हणून विचारते.

त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. धूळ अडवणारा साधा मास्क त्याच्यापुढे शून्य. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी कणभर हवेत असलं तरी दम लागू शकतो, आणि ती सवय मोडत नाही. माझा धाकटा भाऊ रंगकाम करायचा. तीन वर्षांत दमा जडला, काम सोडावं लागलं. आजही कुठे ताजा रंग असला तर तो रस्ता बदलतो. दारावरच्या रेघेपायी हे?

गनवाला:
ताई बरोबर बोलताहेत. मी बाहेरून हवा येणारा मुखवटा लावतो, अंगभर कपडे, हातमोजे. तरी आत दुसऱ्याला उभं राहू देत नाही.

ओरखडेबहाद्दर:
अंगणात मारला. मास्क तोच, साधा. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नाही. हे मान्य करतो आणि तो डबा वापरा हे मागे घेतो. घरी करता येतं हे मात्र मागे घेत नाही.

काडीपेटी:
पण गन आणि डबा यांच्या अलीकडेही काही आहे की नाही? खड्याने टवका उडाला, किल्लीची बारीक रेघ आली, याला फवारणी लागतच नाही. टचअपच्या, म्हणजे डाग भरायच्या रंगाच्या, बाटलीतला ब्रश फेकून द्या, तो नेहमी गरजेपेक्षा जाड. दातकोरण्याच्या टोकावर थेंब घ्या आणि खळग्यात सोडा, तो आपोआप पसरतो. वाळला की बसतो, मग दुसरा, तिसरा. वर किंचित उंचवटा झाला की आठवडाभर थांबून २००० च्या वॉटर पेपरने समतल करा आणि पॉलिश. जवळून डाग दिसतोच. पण पत्रा झाकला जातो आणि आजूबाजूचा मूळ रंग शाबूत राहतो. मला हा सौदा पटतो.

नवखा_चालक:
टूथपेस्टने जातो म्हणतात, खरं का?

काडीपेटी:
टूथपेस्ट म्हणजे सौम्य कंपाउंडच, फक्त दातांसाठी बनवलेलं. पुसट रेघ कमी दिसेल. खोल असेल तर रेघेत पांढरी पेस्ट भरून बसेल आणि तुम्हाला वाटेल की गेली.

असूदे:
माझं मत कोणालाच आवडणार नाही. काही करू नका. बंपर प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही. त्यावरच्या रेघेसाठी दोन दिवस आणि फुप्फुसं कशाला? काही नव्या गाड्यांत त्याच्या मागे रडारचे सेन्सर असतात, वर लांबीचा जाड थर चढला तर त्यांना नीट दिसत नाही. तिथे तर घरच्या प्रयोगाला सक्त मनाई हवी. पत्रा उघडा पडला तेवढाच झाका आणि गाडी चालवा.

गनवाला:
तुमच्यासारखी गिऱ्हाइकं वाढली तर माझं दुकान बंद. पण बंपरचं बरोबर आहे. आणखी एक, प्लास्टिकवर त्याचं वेगळं अस्तर न लावता रंग मारला की तो सालासारखा सोलून निघतो, हे डबावाल्यांना सांगून ठेवा.

बहाद्दर, एकच मागणी. त्या दाराचा फोटो टाका. समोरून नको, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, दाराला डोळा लावून काढलेला.

ओरखडेबहाद्दर:
टाकतो. दुपारचा चालेल का?