स्कोअर ऑफिशियल पाठवायचा की नुसता भरायचा?

दादा, तुम्ही म्हणायलेत की पोरीनं परदेशातल्या कॉलेजच्या अर्जात जीआरईचे (तिकडं पुढच्या शिक्षणाच्या ॲडमिशनला देतात ती परीक्षा) मार्क भरलेत, पीडीएफ पण जोडली, मग परत पैसे भरून ऑफिशियल स्कोअर कशाला पाठवायचा. आधी कॉलेजच्या पानावर बघा, बरीच कॉलेजं अर्जाला स्वतः भरलेले मार्क चालवून घेतात अन् ॲडमिशन पक्कं झाल्यावरच ईटीएसकडून, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून, थेट आलेला स्कोअर मागतात, आपल्या पीडीएफला मग काही किंमत नसते. परीक्षेच्या दिवशी 4 ठिकाणी फुकट पाठवता येतो, आमच्या भाच्यानं लातूरहून हैदराबादला जाऊन परीक्षा दिली अन् घाईत ते तसंच सोडून दिलं, मग बसला एकेका कॉलेजचे डॉलरमधे पैसे भरत!

अजून एक, नाव. आपल्याकडं पासपोर्टात बापाचं नाव पोराच्या नावालाच चिकटलेलं असतंय, आमच्या भाच्यानं अर्जात ते गाळलं, स्कोअर तिकडं पोचूनही पोर्टलवर पंधरा दिवस 'मिळाला नाही'च दिसायलं. शेवटी पासपोर्टाचं पान जोडून मेल केला तवा कुठं जुळलं. स्कोअर पाठवताना कॉलेजचा 4 आकडी कोड पण नीट बघून टाका, सारख्या नावाची लई कॉलेजं हायेत तिकडं. जीआरईचा स्कोअर 5 वर्षं चालतो, टोफेलचा (इंग्रजीची परीक्षा) मात्र 2च.