प्रति: रोटर एका फेरीत तीनदा पेटतो, मग ताकद तिप्पट का नाही?

वरचा प्रश्न अगदी रास्त आहे. गोष्ट वान्केल (रोटरी) इंजिनाची: यात पिस्टनच्या जागी तिकोनी रोटर फिरतो आणि मधला शाफ्ट, म्हणजे ताकद बाहेर नेणारा दांडा, फिरवतो. मेख दात्यांत आहे. रोटरच्या आतले दाते आणि मधला स्थिर गिअर यांचं प्रमाण ३:२, त्यामुळे रोटरची एक फेरी होईतो शाफ्टच्या तीन होतात. म्हणजे शाफ्टच्या फेरीमागे स्फोट एकच. तरी चार स्ट्रोकवाल्या एका सिलिंडरच्या हे दुप्पट, आणि व्हॉल्व्ह एकही नाही!

माझ्या मते खरी कसोटी रोटरच्या तीन टोकांवरच्या सीलची. दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी, मागे स्प्रिंग, सतत भिंतीला घासत जाणारी. तिच्यासाठी थोडं तेल मुद्दाम आत सोडतात, ते इंधनाबरोबर जळतं. तेव्हा तेल थोडं घटणं हा बिघाड नव्हे, पण पातळी वरचेवर बघत चला. माझदाच्या ७८७बी या रेसिंग कारने १९९१ साली चार रोटरवर ल मॅन्सची २४ तासांची शर्यत जिंकली, ती याच पट्ट्यांच्या जिवावर.