पहिली डॉक्युमेंट्री तयार आहे, ऑनलाइन कुठे पाठवू?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी, मी ठाण्याची, चेंदणी कोळीवाड्याजवळ राहते. शेजारच्या एका आजींवर १४ मिनिटांची डॉक्युमेंट्री केलीय, त्या जाळी विणतात. उसना कॅमेरा आणि आठ रविवार. आता एडिट झालंय आणि सगळे म्हणतायत यूट्यूबवर टाकून मोकळी हो, पण चॅनलला जेमतेम ४० सबस्क्रायबर, बघणार कोण? नवीन लोकांना खरंच संधी मिळते अशा साइट्स सांगा ना. हातात ५ हजार उरलेत.

सीवूड्सचा_एडिटर
थांब, यूट्यूबवर आत्ता अजिबात टाकू नकोस. बऱ्याच फेस्टिव्हलना आधीच ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही, प्रीमियर त्यांच्याकडेच हवा असतो. फिल्मफ्रीवेवर अकाउंट काढ, फुकट आहे, फिल्म तिथेच अपलोड होते आणि जगभरच्या फेस्टिव्हलना तिथूनच पाठवता येते. फी ज्याची त्याची वेगळी, बऱ्याचदा डॉलरमध्ये, म्हणून आधी बिनफीवाले शोध, मग अर्ली बर्डची, म्हणजे लवकर पाठवणाऱ्यांना कमी फी असते ती तारीख गाठ. दर महिन्याला अवॉर्ड वाटणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. मी पहिल्या वर्षी अशा तीन ठिकाणी पैसे भरले, तिन्हीकडे 'बेस्ट' काहीतरी मिळालं, पोस्टरवर लावायला पानांची नक्षी आली, ट्रॉफी हवी तर परत वेगळे पैसे. फिल्म एकाही पडद्यावर लागली नाही. अजून वाईट वाटतं. गेल्या वर्षी कुठल्या हॉलमध्ये झाला, फोटो आहेत का, एवढं बघूनच पैसे भर.
आणि घरात शूट केलंस ना, मागे रेडिओ-टीव्ही चालू नव्हता ना?

खाडीकाठची
होता 😟 आजी रेडिओ लावूनच विणायला बसतात. एका शॉटमध्ये जुनं गाणं मिनिटभर ऐकू येतं आणि नेमका तोच शॉट सगळ्यात सुंदर आलाय.

सीवूड्सचा_एडिटर
शॉट ठेव, आवाज बदल. त्याच खोलीत जा, रेडिओ बंद कर, दोरा ओढल्याचा, बांगड्यांचा आवाज नुसता रेकॉर्ड करून आण, फोन जवळ धरला तरी चालेल. फेस्टिव्हलला पाठवताना सगळे हक्क आपल्याकडे आहेत असं कबूल करावं लागतं, आणि यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे हक्क तपासणारं सॉफ्टवेअर, तर गाणं लगेच ओळखतं.

कळवा_फास्ट
यूट्यूबच्या पैशांवर विसंबू नको. जाहिरातींसाठी १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास बघितलं जावं लागतं, म्हणजे तुझी फिल्म शेवटपर्यंत बघणारे १७ हजारांच्या वर लोक. फेस्टिव्हल आटपले की पॉकेट फिल्म्ससारख्या चॅनलला विचार, त्यांचा प्रेक्षक तयार आहे.

खारघरची_ताई
अगं, वय ३५ च्या आत असेल तर इफ्फीचं, म्हणजे गोव्याच्या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हलचं, क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमॉरो नक्की बघ, नवीन लोकांसाठीच आहे. २०२१ मध्ये ७५ मुलांपासून सुरू झालं, गोव्याला बोलावतात, ग्रुपमध्ये ४८ तासांत शॉर्टफिल्म करायची असते. आणि मिफ (मुंबई इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल) विसरू नकोस, मुंबईतच असतो, डॉक्युमेंट्रीवाल्यांचा हक्काचा, १९९० पासून दोन वर्षांतून एकदा.
सबटायटल कोण करतंय? आजींची कोळी बोली आधी पुस्तकी मराठीत आणि मग इंग्लिशमध्ये असं करू नका, गंमत निघून जाते. कोळीवाड्यातलंच कोणीतरी शेजारी घेऊन बस.

खाडीकाठची
सगळ्यांचे खूप आभार, आजींच्या नातीलाच सबटायटलला बसवते. आवाजासाठी रविवारी जातेय, रेल्वेचा मेगाब्लॉक आहे, तेवढ्या वेळात गाड्यांची धडधड कमी असेल.