मदत हवी आहे: ६८ वर्षांच्या वडिलांसोबत स्पेनमधला कामिनो चालायचाय, सारियापासून की तुईपासून?

सावंतवाडीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांब झालाय, सांभाळून घ्या.

आमचे पप्पा ६८ वर्षांचे आहेत. तरुणपणापासून ते ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी सावंतवाडीहून ओल्ड गोव्याला चालत जातात, बांदा, पत्रादेवी, पेडणे, म्हापसा असं करत, आणि आई होती तोवर ती मागून टेम्पोतनं पेजेचं भांडं आणि सुक्या बांगड्याची किसमूर घेऊन यायची, सगळ्या चालणाऱ्यांना वाढायची. आई जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या मनात एकच होतं, सायबाचं जन्मगाव एकदा बघायचं. सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, १५०६ साली स्पेनच्या नावारा प्रांतात हाविएरच्या किल्ल्यात जन्मले. तिचं राहून गेलं. आता पप्पा म्हणतात की जायचंच तर नुसतं विमानाने जाऊन फोटो काढून यायचं नाही, थोडं तरी चालायचं, आणि आमच्या फादरनी त्यांना कामिनोबद्दल (सांतियागो शहरातल्या सेंट जेम्सच्या कबरीपर्यंत चालत जायची जुनी यात्रा) सांगितल्यापासून दुसरा विषयच नाही.

मी वाचलंय ते असं की फ्रान्समधल्या सेंट-जाँ-पिए-द-पोरपासूनची पूर्ण वाट जवळपास ७८० किमी आहे. ते आमच्याच्याने होणार नाही, मला सगळे शनिवार-रविवार धरून १८ दिवस मिळतायत. पण सांतियागोपर्यंत किमान १०० किमी चालत गेलं तर कोम्पोस्तेला म्हणजे ते लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे बरेच जण त्याच वाटेवरच्या सारियापासून सुरू करतात (११५ किमीच्या आसपास), नाहीतर पोर्तुगालच्या सीमेवरच्या तुईपासून, तेही साधारण तेवढंच. मी या दोघांत अडकलेय.

अडचणी अशा की पप्पांचा उजवा गुडघा उतारावर दुखतो, चढावर काही नाही. आणि शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, रात्री साडेसातला जेवण लागतंच लागतं. स्पेनमध्ये म्हणे त्या वेळेला हॉटेलची किचनं बंद असतात?

एका टूरवाल्याकडे चौकशी केली तर त्यांनी "रोज चार किमी चाला बाकी एसी बस" असं पॅकेज दिलं. पप्पांनी कागद घडी करून परत दिला. मागच्या डिसेंबरात पत्रादेवीच्या पुढे एका मोरीवर बसून त्यांनी बूट काढला तेव्हा टाचेचा फोड फुटून मोजा कातडीला चिकटला होता. मी रडकुंडीला आले, त्यांनी बाटलीतलं पाणी ओतून मोजा भिजवला, हळूहळू सोडवला, माझ्या ओढणीची पट्टी बांधली आणि म्हणाले चल, मिस्सा चुकायची. अशा माणसाला बसमध्ये बसवून कसं नेऊ सांगा.

तर कोणी प्रत्यक्ष चालून आलं असेल तर प्लीज सांगा, गुडघ्यासाठी कुठली वाट बरी, सामानाचं काय करायचं, जेवणाचं काय, आणि हाविएर यात बसतं का. २०२७ मध्ये २५ जुलै, म्हणजे सेंट जेम्सचं फेस्त, रविवारी येतं म्हणून ते पवित्र वर्ष आहे, तेव्हा जावं की गर्दीमुळे टाळावं हेही सांगा.

निळी छत्री

ताई, मी आणि बायको सारियाहून चाललो मे महिन्यात. गुडघ्याचं लिहिलंय म्हणून आधी तेच सांगतो. पहिल्याच दिवशी पोर्तोमारीनला पोचताना गावाच्या आधी नदीकडे एकदम तीव्र उतार आहे, २२ किमी चालून पाय थकलेले असतात तेव्हाच तो येतो, माझ्या बायकोने तो उलटं चालत उतरला. मग मिन्यो नदीवरचा लांब पूल आणि गावात शिरायला दगडी जिना. हे गाव मुळात खाली होतं, बेलेसार धरणात ते बुडणार म्हणून १९६०च्या दशकात चर्च दगड दगड सुटा करून वर नेऊन पुन्हा उभं केलं, दगडांवर त्यांनी घातलेले आकडे अजून दिसतात. मी हात लावून बघितले. बघण्यासारखं आहे पण तुमच्या पप्पांना पहिल्या दिवशी तो उतार नको.

शिवाय सारियानंतर गर्दी फार, शाळेच्या सहलीसुद्धा असतात. चांगलं वाटतं तसं, सगळे एकमेकांना बुएन कामिनो (शुभ यात्रा) म्हणतात, पण शांतता हवी असेल तर तुई बघा.

वाटसरू_७२

मी तुईहून चाललेय, वयाच्या ६३ व्या वर्षी, एकटी. माझं मत तुईच. चढउतार आहेत, अगदी सपाट समजू नका, पण सारियापेक्षा कमी. तोटा एकच, डांबर आणि सिमेंट जास्त, म्हणून बुटाचा सोल जाड घ्या आणि बूट इथेच महिनाभर वापरून मग न्या. ओ पोरिन्योच्या आधी कारखान्यांचा कंटाळवाणा पट्टा लागतो, तिथे नदीकाठून जाणारी पर्यायी वाट आहे ती घ्या, थोडी लांब पडते पण झाडी आहे.

लोक सहा दिवसांत करतात: ओ पोरिन्यो, रेदोंदेला, पोन्तेवेद्रा, काल्दास दे रेइस, पाद्रोन, सांतियागो. तुम्ही आठ धरा. शेवटचा टप्पा २५ किमीचा आहे, तो तेओजवळ मुक्काम करून तोडा. पाद्रोनला घाईत राहू नका. सेंट जेम्सचं शरीर घेऊन आलेली होडी ज्या दगडाला बांधली असं मानतात तो दगड तिथल्या चर्चमध्ये वेदीखाली आहे, त्यावरूनच गावाचं नाव. मी तिथे अर्धा तास नुसती बसले होते.

सामान: मोठी बॅग रोज पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या सर्व्हिस आहेत, पाठीवर फक्त छोटी सॅक ठेवा. पण सरकारी आल्बेर्गे (यात्रेकरूंच्या धर्मशाळा) बुकिंग घेत नाहीत आणि अशी पुढे पाठवलेली बॅगही सहसा ठेवून घेत नाहीत, म्हणून खाजगी आल्बेर्गे किंवा पेन्सिओन (साधं लॉज) आधी बुक करा. पप्पांना खालचा बंक मागून घ्या. इन्सुलिन मात्र त्या मोठ्या बॅगेत अजिबात टाकू नका, ते तुमच्या सॅकमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

जेवण: हो, रात्रीचं आठच्या आधी कठीण. पण बारमध्ये तोर्तीया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, जवळजवळ दिवसभर मिळतं, मी त्यावरच जगले. साडेसातसाठी दुपारीच ब्रेड, चीज, अंडी, फळं घेऊन ठेवा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच घ्या. गॅलिसियातल्या (सांतियागो आणि तुई आहे तो प्रांत) सरकारी आल्बेर्गेत किचन असतं पण पातेलं सापडेलच असं नाही.

२०२७ मला विचाराल तर पप्पांना कॅथेड्रलचा पवित्र दरवाजा बघायचा असेल तरच. तो एरवी बंद असतो, पवित्र वर्षात उघडतात. आणि जुलै-ऑगस्ट नको, मे किंवा सप्टेंबर.

सावंतवाडीकर

ताई, दादा, किती नीट सांगितलंत, थँक्यू. तुई जवळजवळ नक्की. पवित्र दरवाजाचं पप्पांना विचारते. हाविएरचं कोणी सांगेल का? नकाशात ते पार दुसऱ्या टोकाला दिसतंय.

रानवाट

हाविएर नावारात आहे, गॅलिसियापासून लांबच, पण १८ दिवसांत आरामात बसतं. माद्रिदला उतरा, ट्रेनने पाम्प्लोना, तिथून बसने सांग्वेसा. सांग्वेसा हे आरागॉनहून येणाऱ्या कामिनोवरचंच गाव आहे, आणि तिथून हाविएर फक्त आठेक किमी, ते चालत जा. दर मार्चमध्ये नावारातले हजारो लोक हाविएरला चालत जातात, बरेच जण थेट पाम्प्लोनाहून, त्याला हाविएराडा म्हणतात. म्हणजे तुमचे पप्पा इकडे जे डिसेंबरात करतात तेच तिकडचे लोक मार्चमध्ये करतात, त्याच संतासाठी. त्यांना हे नक्की सांगा.

किल्ल्याच्या चॅपेलमध्ये अक्रोडाच्या लाकडाचा जुना क्रूस आहे, त्यावरचा ख्रिस्त हसरा आहे. सायब १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ वारले तेव्हा त्या मूर्तीला रक्ताचा घाम फुटला अशी तिथली श्रद्धा आहे. मग परत माद्रिद, ट्रेनने विगो, विगोहून तुई अगदी जवळ. व्हिसा स्पेनचाच काढा, इन्शुरन्स ३०,००० युरोंचा लागतो.

अजून एक. क्रेदेंसियाल म्हणजे यात्रेकरूचा पासपोर्ट, त्यावर रोज दोन शिक्के घ्यायला विसरू नका, बारमध्ये, चर्चमध्ये कुठेही मिळतात. आणि सांतियागोच्या ऑफिसात प्रमाणपत्र घेताना सांगितलं तर ते गेलेल्या माणसाच्या वतीने चाललो असं लिहून देतात, विकारिए प्रो आणि पुढे त्या व्यक्तीचं नाव. मी माझ्या भावाच्या नावाने घेतलं. तुम्ही आईबद्दल लिहिलंत म्हणून सांगितलं.

सावंतवाडीकर

हे मला माहीतच नव्हतं. आत्ता फोनवर पप्पांना वाचून दाखवलं. हाविएराडाचं ऐकून त्यांनी दोनदा परत वाचायला लावलं, आणि नावाचं ऐकल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले दोन्ही शिक्के रोज मीच मारून घेणार, तू विसरशील. पवित्र दरवाजासाठी थांबायचं नाही म्हणाले, गुडघा थांबणार नाही. मग सप्टेंबरच. उद्यापासून सकाळी मोती तलावाला फेऱ्या सुरू, नवीन बूट घालून.

रानवाट, एकच विचारते, आईचं नाव तिथे कसं लिहून द्यायचं, पासपोर्टवरचं चालतं की बाप्तिस्म्याचं? तिची दोन्ही वेगळी आहेत.

रानवाट

बाप्तिस्म्याचं द्या ताई. कागदपत्र मागत नाहीत, चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत स्वच्छ लिहून न्या, म्हणजे त्यांना लॅटिन करता येतं.