लेकीसाठी मराठी, कोंकणी नि पोर्तुगीजमध्येही चालेल असं नाव सुचवा ना

आम्ही फोंड्याचे, लेक 9 दिवसांची झाली, बाराव्याला बारसं आणि नाव अजून ठरत नाहीये. नवऱ्याची नोकरी लिस्बनला, पुढच्या वर्षी आम्हीपण जाणार, म्हणून तिकडेही नीट म्हणता यावं असं हवंय. सासूबाईंना हेमा हवंय पण पोर्तुगीजमध्ये सुरुवातीचा ह उच्चारतच नाहीत, म्हणजे एमाच होणार. मला तारा फार आवडलेलं, तर तिकडे त्या शब्दाचा अर्थ विकृती असाही होतो, मन एकदम खट्टूच झालं. ळ, ण, ठ तर नकोच. अनिता छान चालतं पण ते आत्याचं नाव. पाळण्याशी बसून एकेक नाव हळूच म्हणून बघते, मीरा म्हटलं की डोळे उघडते, खरंच! तिकडे मिरा नावाचं गावही आहे. ठेवू का हेच? तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा, शाळेत पोरं चिडवणार नाहीत ना?