पुरस्काराचा फॉर्म बाजूला ठेवा, अनुदानाचा अर्ज भरा. पटतंय का?

सडेकर

मंडळी, नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर आम्ही नऊजण गेली सात वर्षं वणवा अडवतो. गवत वाळलं की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत साडेतीन किलोमीटर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा पट्टा, काढायची आणि मार्च-एप्रिलात पाळी लावून राखण करायची. सडा बाहेरच्याला नुसता कातळ दिसतो आणि दप्तरात तो पडीक म्हणून लिहिलेला असतो. श्रावणात त्याच कातळावर गेंद, तेरडा आणि किडे खाणारी दवबिंदू फुलते. खालच्या विहिरींना पाणीही तिथूनच झिरपतं.

मुद्द्यावर येतो. असं काम करणाऱ्यांनी पुरस्कारांपासून लांब राहावं आणि अनुदानाचे अर्ज मात्र जरूर भरावेत, असं माझं ठाम मत झालंय. दोन्ही गोष्टी मी स्वतः करून पाहिल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं मला 'पर्यावरण रक्षक' म्हणून पुरस्कार दिला. शाल, श्रीफळ मिळालं, पेपरात फोटो आला. त्या फोटोत मी एकटाच होतो. पुढच्या हंगामात आमच्यातले दोघे आलेच नाहीत. विचारायला गेलो तर एकजण म्हणाला, "काम तुझंच आहे ना, मग तूच कर." त्याला उत्तर देता आलं नाही, कारण तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच वर्षी दुसऱ्या एका पुरस्कारवाल्यांचा फोन आला. निवड झाली आहे, नोंदणी शुल्क पाच हजार भरा, म्हणे. तेवढ्यात आमच्या सगळ्यांचे कोयते आणि हातमोजे येतात.

आता अर्जाचं. रफर्ड फाउंडेशन ही इंग्लंडातली संस्था आपल्यासारख्या देशांतल्या छोट्या निसर्गप्रकल्पांना मदत करते. एका विद्यार्थ्याला सोबत घेऊन मी तिकडचा अर्ज लिहायला बसलो. सध्याची स्थिती काय, तुमच्या कामाने काय बदललं, ते कसं मोजलं, हे प्रश्न वाचून हात थांबला. इतक्या वर्षांत आग कुठं लागली, कधी लागली, किती जळलं याची एक ओळ आम्ही लिहून ठेवली नव्हती. अर्ज नामंजूर झाला. पण त्या दिवसापासून आमच्याकडे वही आहे. गेल्या वर्षी सहा आगी लागल्या, त्यांतल्या चार एकाच पायवाटेच्या कडेला. हे आम्हाला त्या वहीमुळे कळलं.

तुमचं काय म्हणणं?

माणदेशी

सडेकर, तुमच्यातले दोघे सोडून गेले ते वाचून वाईट वाटलं. पण एका शालीवरून सगळ्याच पुरस्कारांना नाव ठेवू नका. आमच्या दुष्काळी पट्ट्यात गावं उठली ती बक्षिसासाठीच, आणि हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

पानी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे गावांची जलसंधारणाची स्पर्धा, २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाला. २०१९ पर्यंत तो ७६ तालुक्यांत पोचला होता. पहिल्या वर्षी कोरेगावच्या वेळू गावानं पन्नास लाखांचं बक्षीस घेतलं. २०१८ला पहिलं बक्षीस आमच्या माणमधल्या टाकेवाडीनं घेतलं. स्पर्धा पंचेचाळीस दिवसांची, तीही ऐन उन्हाळ्यात. ज्या भावकीत बोलणं नव्हतं ती एका चरावर खोदायला उतरलेली मी पाहिली आहे. कुठल्या अनुदानाच्या अर्जानं पहाटे पाचला पाचशे माणसं माळावर आणली, ते सांगा. त्याआधी २०००-०१ला गाडगेबाबा स्वच्छता अभियान आलं, तेव्हाही असंच झालं होतं.

चूक पुरस्काराची नाही. तुमचा पुरस्कार माणसाला दिला, आमचा गावाला दिला. फरक एवढाच, पण सगळं त्यातच आलं.

किनारा

मला दोघांचंही पटत नाही. बक्षीस काय आणि अनुदान काय, बाहेरचा पैसा तो बाहेरचाच. आमच्या शेजारच्या गावात एका प्रकल्पातून रोपवाटिका झाली. अठरा महिने दोन मुलांना पगार होता, शेडनेट होतं, मोठा बोर्ड होता. मुदत संपली. पुढच्या पावसाळ्यात शेडनेट फाटलं ते कोणी शिवलं नाही. वाईट याचं की त्याआधी तिथल्या बायका घरच्या परसात फुकट रोपं करायच्या. त्यांनीही ते सोडलं. "त्याचे आता पैसे मिळतात ना, मग आम्ही फुकट का करू?"

उलट वेळास बघा. मंडणगड तालुक्यातलं लहानसं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ला तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६पासून कासव महोत्सव भरवला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, सोलकढी-भाकरी खाऊन पैसे देतात. कासव टिकलं तर घरात पैसा येतो, हे तिथल्या शाळकरी पोरालाही कळतं. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नाही.

हिशेबनीस

मी पंचवीस वर्षं न्यासांचे हिशेब बघतो. ही चर्चा वाचताना राहवेना, कारण मूळ अडचणीला कोणीच हात लावलेला नाही. सडेकर, तुम्ही लोकांना अर्ज भरा म्हणताय. नऊ मित्रांच्या नोंदणी नसलेल्या गटाने तो कुठे भरायचा?

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचं, म्हणजे सीएसआरचं बघू. २०१३च्या कंपनी कायद्यात ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी नफ्याच्या दोन टक्के रक्कम त्यावर खर्चायची आहे आणि पर्यावरण त्या यादीत आहे. पण काम दुसऱ्या संस्थेकडून करून घ्यायचं तर ती नोंदणीकृत हवी, १२ए-८०जी म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकर सवलतीची नोंदणी हवी, तीन वर्षांचा अनुभव हवा आणि एप्रिल २०२१पासून सीएसआर-१ फॉर्म भरून घेतलेला क्रमांक हवा. तुमचा गट पहिल्या पायरीलाच अडतो. परदेशी निधी घ्यायला संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. ती सहसा तीन वर्षं जुन्या आणि त्या काळात किमान पंधरा लाख खर्च केलेल्या संस्थेलाच मिळते. पूर्वी मोठी संस्था असा पैसा गावातल्या छोट्या संस्थेला पुढे देत असे. २०२०च्या दुरुस्तीनंतर तेही बंद झालं. त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेतून पैसा येतोय म्हणून कोणी खाते क्रमांक मागितला, तर आधी एफसीआरए जाणणाऱ्या सनदी लेखापालाला गाठा. प्रामाणिक माणसं यात अडकलेली मी पाहिली आहेत आणि त्यांना सोडवताना माझी झोप उडाली आहे.

मग गावाने काय करायचं? दोन वाटा सांगतो. लोक त्यांच्याकडे बघतच नाहीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली: तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का ते बघा. २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेत ती असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते आणि सदस्यांनाच ठाऊक नसते. ग्रामसेवकाकडून सदस्यांची यादी आणि 'लोक जैवविविधता नोंदवही', म्हणजे गावातल्या जीवसृष्टीची नोंद, मागून घ्या. तुमची आगींची वही त्या नोंदवहीला जोडा. या समितीला स्वतःचा निधी ठेवता येतो, अनुदान घेता येतं, नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव पाठवता येतो. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल २०२१ला जैविक वारसा स्थळ झाली, तीही याच कायद्याखाली. वेगळी संस्था काढायची गरज नाही. ग्रामपंचायत हीच तुमची नोंदणी.

दुसरी वाट ऐकून सडेकर रागावतील, कारण तो पुरस्कार आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरण जुनी वाणं जपणाऱ्या शेतकरी समूहांना दरवर्षी प्लांट जीनोम सेव्हियर पुरस्कार देतं. समूहाला दहा लाख रुपये. एकेकट्या शेतकऱ्यांसाठी वेगळी, लहान रकमेची पारितोषिकं आहेत. न्यास नको, लेखापरीक्षण नको. लागतो तो बियाण्याचा नमुना, वाणाची माहिती आणि कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी खात्यासारख्या अधिकृत यंत्रणेची शिफारस. राजापुरात कोणाच्या कणगीत मुणगा, वालय ही जुनी भातं नाहीत असं मला सांगू नका.

आणि शुल्क घेऊन पुरस्कार देणाऱ्यांना नकारच द्या. चांगल्या कामाची कदर करणारा तुमच्याकडून पैसे मागत नाही.

शेकरू

हिशेबनीस काका, नोंदी करून घेतल्या. पण तुम्ही सगळे पैशाबद्दलच बोलताय. पुरस्काराचा मोठा उपयोग पैशाचा नाहीच, संरक्षणाचा आहे.

सड्यावर उद्या चिरेखाणवाला आला तर? वणव्याशी भांडणं सोपं, त्याला वकील नसतो. छत्तीसगडच्या हसदेव अरण्यात आलोक शुक्ला आणि तिथले आदिवासी वर्षानुवर्षं कोळसा खाणींविरुद्ध उभे राहिले. जुलै २०२२मध्ये सरकारने तिथल्या प्रस्तावित २१ खाणी रद्द केल्या. २०२४ला शुक्लांना पर्यावरणासाठी लढणाऱ्यांना दिला जाणारा आंतरराष्ट्रीय गोल्डमन पुरस्कार मिळाला. मेधाताई पाटकरांना तो १९९२लाच मिळाला होता. अशा माणसाला रात्री उचलून नेणं सोपं राहत नाही, जगाचं लक्ष असतं. आणि गोल्डमनला स्वतःहून अर्ज करताच येत नाही, नामांकन ठरावीक संस्था आणि व्यक्तीच करतात. म्हणजे पुरस्काराच्या मागे लागण्याचा प्रश्नच येत नाही.

आसामच्या पूर्णिमादेवी बर्मन यांचंही बघा. हरगिला हा गिधाडासारखा दिसणारा करकोचा. अशुभ समजून लोक त्याची झाडं तोडायचे. बाईंनी गावातल्या बायकांची 'हरगिला आर्मी' उभी केली. त्या साडीवर हरगिला विणतात, घरट्यांचं डोहाळजेवण करतात. बर्मनबाईंना २०१७ला निसर्गरक्षणाचा ब्रिटनमधला व्हिटली पुरस्कार मिळाला आणि २०२४ला एक लाख पौंडांचा व्हिटली गोल्ड. नाव त्यांचं झालं, पण फोटोत बायका असतात. सडेकर, तुम्ही त्या दिवशी नऊजणांना मंचावर नेलं असतं तर?

किनारा

शेकरू, हसदेवमधल्या माणसांना पुरस्कारानं बळ दिलं नाही, त्यांच्या ग्रामसभांनी दिलं. पुरस्कार खाणी रद्द झाल्यानंतर आला. क्रम उलटा करू नका.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल. आमच्या मच्छीमारांच्या जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क सापडला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. २०१८पासून ही योजना आहे. हाही बाहेरचाच पैसा, पण त्यानं कोणी बिघडलं नाही. कारण तो काम झाल्यावर मिळतो, झालेल्या नुकसानीइतकाच मिळतो आणि ज्यानं सुरी चालवली त्यालाच मिळतो. असा पैसा असेल तर माझा विरोध नाही.

लीड्सवासी

मी मूळची साताऱ्याची. इथे इंग्लंडात एका छोट्या निसर्गनिधीसाठी आलेले अर्ज वाचते, सेवा म्हणून. भारतातले अर्ज आले की उत्सुकतेने उघडते आणि बऱ्याचदा खंत वाटते. काम सोन्यासारखं असतं, अर्जात मात्र 'जनजागृती करण्यात येईल', 'शाश्वत विकास साधला जाईल' एवढंच. कोणात जागृती? त्यानंतर ती माणसं काय वेगळं करतील?

सडेकर, तुमच्या पोस्टमधलं 'सहांतल्या चार आगी एकाच पायवाटेच्या कडेला' हे वाक्य अर्जाच्या पहिल्या ओळीत असायला हवं. त्यापुढे एवढंच लिहा: तिथून कोण जातं, आग का लागते, काय केलं तर लागणार नाही, त्याला किती खर्च. गवत कापायचे दोन ब्रशकटर आणि पाठीवरचे चार पंप मागा, जीप मागू नका. पगारासाठीच पैसा मागणारे अर्ज अशा निधींकडे सहसा टिकत नाहीत. आणि नकार आला तर कारण विचारा. विचारणारे फार थोडे असतात, पण मी विचारणाऱ्याला नेहमी लिहिते.

किनारा, रोपवाटिकेबद्दल तुमचं खरं आहे. तो अर्ज माझ्यासारख्याच कोणीतरी मंजूर केला असणार. अठरा महिन्यांनंतर काय, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

माणदेशी

किनारा, वेळासचा समुद्र सगळ्यांना नसतो. आमच्या माळावर बघायला कोण येणार? तिथं बक्षीसच लागतं. मी माझ्या मतावर आहे. मात्र हेही सांगतो, स्पर्धा संपल्यावर दुसऱ्या वर्षी आमच्या गावात गाळ काढायला तीसच माणसं आली. ती तीस कोण आणि का आली, हे आम्ही कधी विचारलं नाही. सडेकरांची वही वाचून आता विचारावंसं वाटतंय.

सडेकर

उशिरा लिहितोय. सगळ्यांचं वाचून दाखवायला रविवारी देवळात बसलो होतो. सोडून गेलेल्या दोघांनाही बोलावलं. एकजण आला. शेकरूची ओळ वाचली, 'नऊजणांना मंचावर नेलं असतं तर', तेव्हा मी त्याच्याकडे बघून सरळ माफी मागितली. तो काही बोलला नाही, पण चहा होईपर्यंत थांबला.

माझं मत थोडं हललंय. एका माणसाच्या नावाचा पुरस्कार यापुढे घेणार नाही, यावर मी ठाम आहे. समूहाचा असेल तर घेऊ, हे माणदेशींचं मानलं. किनारा म्हणतात तसा कामाआधी येणारा पगार नको, हेही सर्वांना पटलं. ब्रशकटर हवेत.

ग्रामसेवकाकडे चौकशी केली. जैवविविधता समिती आहे, २०१९ला स्थापन झालेली. सात सदस्यांत माझी सख्खी काकू आहे आणि तिला ते माहीत नव्हतं. नोंदवही कपाटात सापडली. सड्याला त्यात अर्धं पान आहे आणि त्यावर एवढंच लिहिलंय: 'खडकाळ, उपयोग नाही.' पुढच्या ग्रामसभेत ते पान बदलायचा ठराव मांडतोय.

हिशेबनीस काका, मुणग्याचं खरं निघालं. पण बी आता गावात दोनच घरांत आहे. आमच्या आईकडे दीड पायली. या वर्षी सगळं पेरायचं, की नमुन्यासाठी थोडं राखायचं? नमुना किती लागतो? तुमच्यापैकी कोणी तो समूहाचा अर्ज भरला असेल तर मृगाआधी सांगा, नंतर बी मातीत गेलेलं असेल.