यूआरएलमधली 'स्पेस': मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
नव्याने पीएचपी (वेबसाइट बनवण्याची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकणाऱ्यांसाठी टिपणं लिहितोय आणि यूआरएलमधल्या, म्हणजे वेबपत्त्यातल्या, पॅरामीटरबद्दलच्या (प्रश्नचिन्हापुढची 'नाव=मूल्य' ही जोडी) एका वाक्यावर अडलोय: "पॅरामीटरच्या मूल्यात मोकळी जागा असेल तर ती एनकोड करावी." वाचणारा म्हणतो, जागा मोकळीच आहे तर एनकोड काय करायचं? एकाने ट्रिम हे कडेच्या जागा काढणारं फंक्शन लावून पाहिलं. कडेच्या जागा गेल्या, दोन शब्दांमधली तशीच राहिली. 'रिक्त स्थान', 'अंतर' की सरळ 'स्पेस'?

उत्तर
छापील पानावर 'मोकळी जागा' अगदी बरोबर आहे. संगणकाच्या लेखी मात्र ते एक अक्षर आहे, आस्कीतला, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातला, ३२ हा क्रमांक. हाच आकडा षोडशमान पद्धतीत २० होतो, म्हणून %२०. शिवाय ब्राउझर सर्व्हरला पाठवतो त्या पहिल्या ओळीत पद्धत, पत्ता आणि एचटीटीपीची आवृत्ती यांना वेगळं करते ती स्पेसच. पत्त्यातच उघडी स्पेस राहिली तर पत्ता कुठे संपला हे कसं कळणार? 'रिक्त' म्हटलं की हे सगळं नजरेआड होतं. मी 'स्पेस हे अक्षर' असं लिहितो.

प्रश्नकर्ता
पटलं. पण मग कधी %२० दिसतं, कधी +, ते का?

उत्तर
कारण एकाच 'एनकोड' शब्दाखाली दोन रीती आहेत. यूआरएलएनकोड हे फंक्शन स्पेसचा + करतं, रॉयूआरएलएनकोड %२० करतं. + ही फॉर्म पाठवण्याची रीत, ती प्रश्नचिन्हाच्या पुढेच चालते. त्याआधीच्या मार्गात + म्हणजे नुसतं अधिकचिन्ह. %२० दोन्हीकडे चालतं, म्हणून शिकवताना मी तेच आधी सांगतो. एचटीटीपी_बिल्ड_क्वेरी हे सगळे पॅरामीटर एकत्र जोडून देणारं फंक्शन आपणहून + देतं, हेही टिपणात घाला.

आणखी एक उत्तर
'एनकोड'साठी 'कूटबद्ध' मात्र नको. कूट म्हटलं की लपवणं आलं, आणि इथे काहीच लपवलेलं नसतं. 'संकेतबद्ध करणे' आणि उलट क्रियेला 'उलगडणे' ही जोडी मला आवडते. 'उलगडणे'मुळे एक चूकही नीट सांगता येते: $_गेटमध्ये, म्हणजे यूआरएलमधले पॅरामीटर पीएचपी जिथे ठेवतं तिथे, मूल्य आधीच उलगडून आलेलं असतं. कुणी "२+२" शोधलं, तर जाताना + चं %२बी होतं आणि $_गेटमध्ये पुन्हा "२+२" मिळतं. त्यावर यूआरएलडिकोड चालवलं की "२ २" उरतं, अधिकचिन्ह गेलं! उलगडलेली घडी पुन्हा उलगडायची नसते, एवढं म्हटलं तरी विद्यार्थ्याला कळतं.

आणि पॅरामीटरच्या नावात स्पेस ठेवूच नका. 'पूर्ण नाव' असं नाव पाठवलंत तर पीएचपी ते $_गेटमध्ये 'पूर्ण_नाव' करून ठेवतं. टिंबाचंही तसंच. मूल्याला हा नियम नाही, त्यामुळे 'नाव' आणि 'मूल्य' हे शब्द टिपणात काटेकोरपणे वेगळे ठेवा.

प्रश्नकर्ता
वाक्य असं बदललं: "मूल्यात स्पेस हे अक्षर असेल तर दुवा तयार करताना ते मूल्य रॉयूआरएलएनकोडने संकेतबद्ध करा; $_गेटमधून घेतलेलं मूल्य पुन्हा उलगडू नका."

उत्तर
'ते मूल्य' हे फार चांगलं केलंत. काहीजण पूर्ण यूआरएलच फंक्शनला देतात, मग तिरक्या रेघा आणि प्रश्नचिन्हही संकेतबद्ध होतात आणि दुवा उघडत नाही. तुमच्या वाक्यात 'ते मूल्य'च्या आधी 'फक्त' घाला.